ललिता नाचली तो रविवार

गुरुवारी सकाळी, न्याहारीच्या आधी, राजूला फुरसं चावलं. तो राबातलं, भाजलेल्या वाफ्यात पेरलेलं रोप बघायला गेला होता. बावीस दिवसांचं भाताचं रोप, वीतभर वर आलेलं, दोन-तीन दिवसांत आवणीला, म्हणजे खाचरात लावायला, काढायचं. त्यात गवत माजलं होतं. ते उपटायला त्यानं उजवा हात घातला आणि एकदम ओरडला. ललिता नागलीची भाकर थापत होती. पिठाच्या हातानं तशीच अनवाणी पळाली. राजू बांधावर बसलेला. उजवं मनगट डाव्या हातानं आवळून धरलेलं. नजर गवतावर.

"फुरसं हाय," तो म्हणाला. "म्या बघितलं. फुरसंच हाय."

ओहोळपाडा म्हणजे पेठच्या डोंगरातली चाळीस घरं. सरकारी इस्पितळ अठरा किलोमीटर लांब. चार दिवस झड लागलेली, मोबाईलला रेंज नाही, जीपवाला खाली गेलेला तो वर आलाच नव्हता. पाड्यात चालू अशी एकच मोटरसायकल होती, शेजारच्या बारकूची.

बारकूला बोलवायला जावं लागलं नाही. ओरडणं ऐकूनच त्यानं गाडी काढली होती. त्याची बायको गोदावरी धावत आली, राजूच्या अंगावर प्लास्टिकचा कागद पांघरला, आणि स्वतःच्या पायातली चप्पल काढून ललितापुढं टाकली.

"घाल. अनवाणी कुठं जाशील?"

"वहिनी, मागं बस," बारकू म्हणाला. "त्याला मधी घट्ट धर. डोळं मिटू देऊ नको."

तिघं निघाली. रस्ता कुठं होता, कुठं नव्हता. ओहोळावरच्या फरशी पुलावरून पाणी घोट्याएवढं वाहत होतं, त्यातून बारकूनं गाडी घातली. सगळ्या वाटेनं तो मान मागं न वळवता ओरडत राहिला. "राज्या, जागा हायेस का? राज्या, तुझ्या लग्नात माझी विजार कुणी फाडली, सांग!" राजू आधी हूं हूं करत होता. घाटाखाली आल्यावर तेही थांबलं. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि पावसाच्या पाण्यात मिसळून हनुवटीवरून गळत होतं. ललितानं त्याला छातीशी धरलं आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली.

ललिताचं घर ख्रिस्ती. पाड्यात अशी तीनच घरं होती. ललिताच्या घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथं दर रविवारी आसपासच्या चार पाड्यांतली माणसं भक्तीला जमत. ललिताचा आवाज असा, की तिनं गाणं उचललं की पत्रा वाजायचा. पूर्वी ती गाता गाता नाचायचीही. पण रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची, हसायची, बाजारात कुणी तरी तिची नक्कल केली, आणि तेव्हापासून, दोन वर्षं झाली, ती एका जागी उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवायची. आता तोंडात पावसाचं पाणी जात असताना ती म्हणाली, "प्रभू, हा माझा माणूस स्वतःच्या पायानं घरी येऊ दे. मी साऱ्या मंडळीपुढं नाचंन. कोण हसू दे, कोण काय म्हणू दे. लाजणार नाय. शब्द देते."

बारकूनं पुढून ऐकलं. "दे शब्द वहिनी, दे!" तो ओरडला. "माझा बी एक धर त्यात!"

इस्पितळात इंजेक्शन मिळालं. मग दुसरं, तिसरं. राजूचा हात कोपरापर्यंत काळा पडून मांडीएवढा सुजला होता, पण दुपारी रक्त थांबलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वेळेत आणलंत म्हणून वाचले. आता आठ दिवस इथंच ठेवायचं."

ललिता भिंतीला पाठ लावून खाली बसली. आणि बारकू, अंगावरचे कपडे अजून निथळतायत, त्या व्हरांड्यात नाचायला लागला. एक हात कमरेवर, एक वर, लग्नात नाचायचा तसा, गोल फिरून. नर्स धावत आली. "अहो, दवाखाना आहे हा!" तिलाही हसू आवरेना. बारकू थांबला, कपाळाचं पाणी निपटलं आणि ललिताला म्हणाला, "तुमच्यात बरं हाय गं वहिनी. नाचायला लगीन लागत नाय."

तिनं आणून दिलेला वडापाव त्यानं अर्धा खाल्ला. अर्धा कागदात बांधून तिच्याकडं दिला, राज्या उठला की दे म्हणून. ती म्हणाली, "भाऊजी, पाऊस वाढलाय. थांबा रातच्याला." तो म्हणाला, "नाय गं. गोदी जेवल्याबिगर बसली असल. तिला सांगतो जाऊन, राज्या वाचला म्हणून."

तो गेला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात पाड्यातला एक माणूस औषधाला आला, त्याच्याकडून कळलं. गाडी फरशी पुलाच्या खाली दगडात सापडली होती. बारकू सापडला नव्हता. तो रविवारी सापडला, दीड कोस खाली, करंजाच्या मुळांत अडकलेला. त्याच दिवशी माती दिली.

ललिता गेली नाही. राजूला ताप होता, हाताची कातडी फुटून पाणी जात होतं, जवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं, सासू घरी गुराढोरांपाशी. हे सगळं खरं होतं. पण मंगळवारी ताप उतरला, बुधवारी राजू स्वतः उठून संडासला गेला, आणि एक दिवस जाऊन यायला जीप मिळत होती, तरी ती गेली नाही. खिडकीशी बसून राहायची. जीपचा आवाज आला की खिडकीतून मागं सरकायची. राजूला तिनं बारकूचं चौथ्या दिवशी सांगितलं. तो दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

शुक्रवारी दुपारी दोघं घरी आली. राजू खरोखरच स्वतःच्या पायानं चालत अंगणात आला. सासू पुतळाबाई दारात उभी होती. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, काळ्या हाताकडं बघितलं, आणि आत जाऊन रडली. शेजारचं दार उघडं होतं. ललिताच्या अंगणापासून गोदावरीच्या ओट्यापर्यंत मोजून तीस पावलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. ती तीस पावलं काही ललिताच्यानं चालवली नाहीत. दोनदा निघाली. एकदा हातात भाकरीची टोपली घेऊन निघाली. अंगणाच्या कडेला उभी राहिली आणि परतली. काय म्हणायचं? माझा आला, तुझा गेला?

शनिवारी संध्याकाळी पास्टर शमुवेल आले. नाशिकचा तरुण माणूस, उत्साही, मोटरसायकलवर गिटार बांधून यायचा.

"सिस्टर ललिता, उद्या उपकारस्तुती! चारी पाड्यांत निरोप दिलाय. ढोलवाले येणार आहेत. तुम्ही साक्ष द्यायची."

"पास्टर, शेजारी दुःख हाय," ललिता म्हणाली. "दिवस बी व्हायचेत अजून."

"माहीत आहे. त्यांच्यासाठीही प्रार्थना करू आपण. पण देवानं एवढं मोठं काम केलं, ते दाबून ठेवायचं? आनंद झाकायचा नसतो, सिस्टर. तुम्ही शब्द दिला होता ना?"

शब्द दिला होता. इस्पितळात तिनं राजूला सांगितलं होतं, त्यानंच पुढं सांगितलं असणार.

पुतळाबाई कोपऱ्यात वाटाणे निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आनंद हाय तो हायच. पण कुडाची भिंत हाय, दगडाची नाय."

पास्टरला ते ऐकू गेलं नाही. ललिताला गेलं. रात्रभर तिनं ठरवलं, की चार पावलं टाकायची, शब्द पुरा करायचा, आणि हळूच बसायचं.

रविवारी पत्र्याखाली साठ-सत्तर माणसं दाटली. ओल्या कपड्यांचा, घामाचा, चिखलाचा वास. ढोल आधी हळू वाजत होता. ललिता साक्ष द्यायला उभी राहिली. फुरश्याचं सांगितलं, वाटेचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं. बारकूचं नाव घेतलं. "त्यांनी नेलं म्हणून," एवढंच म्हणाली. मग राजूनं तो काळा, सालपटं निघालेला हात वर केला. बोटं हळूहळू हलवून दाखवली. पाची बोटं. साऱ्या मंडळीच्या तोंडून एकदम "हालेलुया" फुटलं, ढोलवाल्यानं हात टाकला, आणि ललिताचा पाय उचलला गेला.

चार पावलं टाकायची होती. पण अकरा दिवस जे अंगात कोंडलं होतं ते पायातून बाहेर पडायला लागलं. भीती, इस्पितळाचा वास, ती खिडकी, राजूचं श्वास घेणं रात्ररात्र मोजत बसणं, सगळं. ती फिरली, वाकली, उठली. अंबाडा सुटला. कुणीतरी खंजिरी हातात दिली. ती गात होती की रडत होती ते तिलाच कळत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की तिच्या माणसाची बोटं हलतायत, आणि हे ज्यानं केलं त्याच्यापुढं उभं राहायला ही जमीन कमी पडतेय. बायका तिच्याभोवती फेर धरून नाचायला लागल्या. शेडची एक बाजू उघडीच होती. फिरता फिरता ललिताचं तोंड त्या बाजूला झालं.

गोदावरी तिच्या ओट्यावर उभी होती. हातात रिकामी बादली. कपाळ मोकळं, हात मोकळे. किती वेळ उभी होती कोण जाणे. दोघींची नजर भिडली. ललिताचे पाय थांबले, पण ढोल थांबला नाही, आणि मागच्या बाईचा धक्का लागून ती अजून दोन पावलं पुढं गेली, जणू नाचतच. गोदावरी आत वळली आणि तिनं दार लावून घेतलं.

पाड्यात दिवसा कुणी दार लावत नाही.

सोमवारी सकाळी ललिता नानांच्या ओसरीवर गेली. आवणीची सावड नाना ठरवायचे. आज सगळ्यांनी याच्या शेतात, उद्या त्याच्या, असं करत पाड्याची आवणी उरकायची. फुरसं चावण्याच्या आधी ललिता आणि राजू तीन घरांची आवणी लावून आले होते.

"नाना, आमची पाळी कधी?" तिनं विचारलं. "रोपाला तेहेतीस दिवस झालं. पिवळं पडाया लागलंय. कांडं धरून रोप राठ झालं की मग लावून काय उपयोग?"

नाना तंबाखू मळत होते.

"कोणी नाय म्हणलं नाय," ते म्हणाले. "पण कोणी हो बी म्हणलं नाय."

"म्हणजी?"

"म्हणजी तू समज. आज सदूचं. उद्या बारकूच्या घरचं. परवाचं काय ठरलं नाय."

"आम्ही तीन घरचं केलंय, नाना."

"केलंय. कोण नाय म्हणतो?" त्यांनी तंबाखू दाढेखाली धरली. "पण पोरी, मेलेल्या घरच्या दाराम्होरं ढोल. असं पाड्यानं कधी बघितलं नव्हतं. माणसाचं मन हाय. त्याला मी काय करू?"

ओसरीच्या कडेला दोन बायका कागदाच्या खोळी पांघरून कामाला निघाल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, ललिताला ऐकू जाईल इतपत, "नाचवणारा देव हाय ना तिचा. त्यालाच सांग म्हणावं, खाली उतर आणि आवण लाव."

ललिता मान खाली घालून घरी आली. राजू डाव्या हातानं औताची दोरी बांधायचा प्रयत्न करत होता, दाताखाली एक टोक धरून. गाठ बसत नव्हती.

"नाय येत कोणी," ती म्हणाली.

राजूनं दोरी तोंडातून सोडली. "येणार बी नाय. म्या असतो त्यांच्या जागी तर आलो नसतो."

"मग कशाला हात वर केलास सगळ्यांपुढं?"

"तू कशाला नाचलीस?"

पुतळाबाईनं चुलीपुढून हाक दिली, "भांडू नका. रोप ऐकतंय."

ललिता तिच्याजवळ जाऊन बसली. "आत्या, मी चुकले का?"

"मला नको इचारू," पुतळाबाई म्हणाली आणि जाळ पुढं सारला. "जिला इचारायचं तिला इचार."

मंगळवारी ललिता उजाडताच गोदावरीच्या खाचरात आवणीला गेली. सारा पाडा आला होता. नानांचं औत चिखल करत होतं, पुरुष राबातनं रोप उपटून जुड्या बांधत होते, बायका रांगेनं वाकून लावत होत्या. गोदावरीही होती. दिवस व्हायच्या आधी बाईनं घराबाहेर पडू नये, पण रोप कुणासाठी थांबत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. ललिता बांधावरून उतरली, एक जुडी उचलली, रांगेच्या शेवटाला उभी राहिली आणि लावायला लागली. शेजारची बाई चार हात पलीकडं सरकली. मधे मोकळी पट्टी राहिली.

पाणी गार होतं. चिखल पिंढरीपर्यंत. पाऊस पाठीवर कागदावरून वाजत होता. कुणी बोलत नव्हतं. आवणीत बायका गप्प असतात असं कधी होत नाही. तीन-चार हात लावून झाल्यावर ललिताला मागं पाण्याचा चुबुक चुबुक आवाज ऐकू आला. तिनं वाकूनच दोन पायांमधून मागं बघितलं.

गोदावरी तिच्या मागून येत होती. ललितानं लावलेला रोपाचा एकेक बुडखा ती चिखलातून उपटत होती आणि बाजूला टाकत होती. घाई नाही, राग नाही. जसं गवत काढावं तसं.

साऱ्या बायकांनी बघितलं होतं. रांग थांबली, मग पुन्हा चालायला लागली. ललितानं डोळे खाली केले आणि पुढचा बुडखा लावला. त्याच्या पुढचा लावला. मागून चुबुक, चुबुक. रांग बांधाला पोचली तेव्हा तिच्या पट्टीत एक काडी उभी नव्हती. ती वळली, पाण्यावर तरंगणारं तेच रोप गोळा केलं, मुळं धुतली, आणि पहिल्यापासून लावायला लागली. गोदावरीही वळली.

असं तीनदा झालं. दुपार झाली. माणसं बांधावर बसून भाकरी खायला लागली. ललिताला कुणी बोलावलं नाही आणि तिच्याजवळ भाकर नव्हतीही. तिची कंबर मोडून आली होती. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. रोप हाताळून हाताळून लिबलिबीत झालं होतं. तरी ती वाकली होती, आणि मागं गोदावरी वाकली होती. खाचरात दोघीच.

"गोदा," ललिता वाकूनच म्हणाली, "रोप तरी वाया घालवू नको. तुझंच हाय."

चुबुक.

"मी नाचायला नको होतं. तुझ्या दारात नको होतं. मला मार, शिव्या दे."

मागचा आवाज थांबला.

"नाचलीस त्याचं नाय," गोदावरी म्हणाली. आवाज बसलेला होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. "तुझा माणूस उठला, तू नाचशील नायतर काय करशील? तो असता तर तो बी नाचला असता तुझ्यासंगं."

ललिता सरळ झाली. कमरेत कळ आली. ती वळली. गोदावरीच्या दोन्ही हातांत उपटलेलं रोप होतं, मुळांतून चिखल गळत होता.

"बारा दिवस झालं," गोदावरी म्हणाली. "बारा दिवस म्या वाट बघते. कोणी काय सांगतं, कोणी काय. पुलाचं सांगतात, गाडीचं सांगतात. त्याच्यासंगं शेवटाला कोण होतं? तू होतीस. तू एकली होतीस. काय बोलला, काय खाल्लं, कुठं बसला होता, माझं नाव काढलं का नाय, हे कोण सांगणार मला? शुक्रवारी तू आलीस. म्या दार उघडं ठेवलं. शनवारी ठेवलं. तू अंगणाच्या कडंला येऊन माघारी गेलीस, म्या बघितलं नाय व्हय?"

"मला तोंड नव्हतं गं."

"मग नाचायला कुठनं आलं?"

देवाला दिलेला शब्द तिनं पाळला होता. शेजारणीला शब्द द्यायची गरजच नव्हती, तिथं नुसतं जायचं होतं, आणि तेवढंच राहिलं होतं. ती उभी होती तिथंच मटकन खाली बसली, कमरेपर्यंत गढूळ पाण्यात.

"सांगते," ती म्हणाली. "बस. सगळं सांगते."

गोदावरी बसली नाही. पण गेलीही नाही. ललितानं सांगायला सुरुवात केली. राजूला जागं ठेवायला बारकू काय काय ओरडला ते सांगितलं. फाटलेल्या विजारीचं सांगितलं. तिच्या शब्दात आपलाही एक शब्द धर म्हणाला, ते सांगितलं.

"जेवला होता का?" गोदावरीनं विचारलं.

"वडापाव आणला होता म्या. अर्धा खाल्ला. अर्धा राजूला ठेवला."

"अर्धाच?"

"अर्धाच. म्या थांबा म्हणलं, गोदा. हात जोडून म्हणलं नाय, पण म्हणलं. तर म्हणाले, गोदी जेवल्याबिगर बसली असल, तिला सांगतो जाऊन, राज्या वाचला म्हणून. तेच सांगायला निघाले होते. लय खुशीत होते. डॉक्टरीणबाईनं वाचला म्हणल्यावर तिथंच व्हरांड्यात नाचले."

"नाचला?"

"नाचले. नर्स धावून आली."

"कसा नाचला?"

ललितानं तिच्याकडं बघितलं. बांधावर भाकरी खाणारी माणसं थांबली होती. एवढ्या अंतरावरून शब्द कळत नसतील, पण सगळी इकडंच बघत होती. ललिता उठली. लुगडं चिखलानं जड झालेलं. तिनं एक हात कमरेवर ठेवला, एक वर केला, आणि त्या पिंढरीभर राडीत पाय उचलून गोल फिरायला लागली. हा नाच रविवारच्यासारखा नव्हता. पाय चिखलात रुतत होते, निघताना आवाज होत होता, डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

"चुकलीस," गोदावरी म्हणाली. "तो डावा पाय आधी उचलायचा. उजव्या गुडघ्यात दुखायचं त्याच्या."

ललितानं डावा पाय आधी उचलला.

"हां," गोदावरी म्हणाली, "हां, असा," आणि तिच्या तोंडातून हसल्यासारखा आवाज निघाला. तो निघाला तो थांबेचना, बदलत गेला, वाढत गेला, आणि ती हातातल्या रोपासकट ललिताच्या अंगावर कोसळली. माती दिली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती, असं बायका पुढं सांगत. दोघी पाण्यात बसून रडल्या. बांधावरून नाना उठले, तंबाखू थुंकली आणि औताकडं गेले. दुपारनंतर ललितानं लावलेलं रोप उभं राहिलं.

बुधवारी सकाळी ललिताच्या खाचरात तिघंच होती. राजू डाव्या हातानं जुड्या पुढं करत होता, पुतळाबाई गुडघे धरून धरून लावत होती, आणि ललिता. चिखल नीट झाला नव्हता. राजूनं एका हातानं औत धरून जेवढा केला तेवढाच. तास-दीड तासानं बांधावर गोदावरी दिसली. तिच्यामागं दोन बायका होत्या. परवा ओसरीवर बोलली होती ती त्यातली एक. तिघी उतरल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. दुपारी नानांनी औत पाठवून दिलं. स्वतः आले नाहीत. बाकीचा पाडाही आला नाही.

हात भराभर चालायला हवे होते आणि चालत नव्हते. रोप राठ झालेलं, मुळं तुटत होती. पाऊस मधेच थांबला की अंगाला वाफ यायची. गोदावरी ललिताच्या डाव्या हाताला होती.

"तोंड शिवलंस का?" तिनं अचानक विचारलं.

ललिता पुढची जुडी सोडायला लागली.

"आवणीत तू गप्प कधी बसलीस? मुक्यानं हात उठत नाय."

"तुझ्यापुढं कशी गाऊ, गोदा?"

"माझ्यापुढंच गा," गोदावरी म्हणाली. "माझ्या पाठीमागं नको."

ललितानं घसा साफ केला. पहिला सूर फाटला. राजूनं जुडी पुढं करता करता मान वर केली. पुतळाबाई वाकलेलीच राहिली. दुसऱ्यांदा सूर लागला, बारीक, मग थोडा भरला. शेडमध्ये गायची तेच उपकाराचं गाणं होतं, सकाळ दिलीस, पाणी दिलंस, हातात हात दिलास असं काहीसं. पण आज ते ढोलाच्या चालीवर नव्हतं, रोप लावायच्या चालीवर होतं, वाकायला एक आणि सरकायला एक. त्या दोन बायकांनी एकमेकींकडं बघितलं. गाणं त्यांच्यातलं नव्हतं. पण चाल कामाची होती, ती कुणाचीही असते.

गोदावरीनं तोंड उघडलं नाही. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिचा बुडखा मात्र गाण्याच्या ठेक्यावर चिखलात जात होता, एक, आणि एक, आणि एक, आणि एकदाही चुकला नाही.

दिवस मावळेपर्यंत दोन खाचरं लागली. तिसऱ्याचं रोप कांडं धरून बसलं होतं. ते त्यांनी कापून बैलांपुढं टाकलं.